रविनाची रेघ

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरताना मुलं आता एप्रन चढवतात, ब्लेडचं पाकीट उचलतात आणि डाव्या मनगटावर सहजपट्टी बांधतात. पहिले काही दिवस तिची थट्टा झाली. मग घड्याळासारखी तीही अंगवळणी पडली.

पट्टीचं काम साधं. नाडीचे ठोके, कातडीवरचा घाम आणि अंगाची ऊब एवढंच ती मोजते, आणि त्यावरून माणूस त्या क्षणी मोकळा आहे की आवळलेला, ते सांगते. वर्गात कुणाला घरच्यासारखं वाटतं आणि कुणाला परकं, हे मुलं तोंडानं बोलत नाहीत. कोणत्या गावची, कोणत्या समाजाची, मुलगा की मुलगी, यावरून एकच वर्ग प्रत्येकाला निराळा वाटत असेल, तर ते कळावं म्हणून विद्यापीठानं पट्ट्या आणल्या. विद्यापीठाच्या समितीत त्यांची बाजू वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शालिनी उकिडवे यांनीच उचलून धरली होती.

म्हणूनच मंगळवारी पडद्यावर आलेली शिफारस वाचून त्या गोंधळल्या. जनुक प्रयोगशाळेत एकच जागा रिकामी होती आणि रविना वसावेनं ती मागितली होती. पट्टीच्या नोंदींवरून संगणकाचं मत पडलं की ही विद्यार्थिनी प्रयोगशाळेत सहज नसते, तिला वनसर्वेक्षण गटात पाठवावं. मॅडमनी पाच वाजेपर्यंत सही करायची होती.

सोबत पट्टीनं काढलेली रविनाची सत्रभराची रेघ होती, मोकळी असताना वर आणि आवळली की खाली. बरी चाललेली रेघ मध्येच विहिरीत पडल्यासारखी खाली जाई. अशा अकरा विहिरी होत्या.

त्यांनी रविनाला बोलावून घेतलं. ती प्रयोगशाळेतून तशीच आली, एप्रन आणि पट्टीसकट. घरी काही अडचण आहे का, तब्येत ठीक आहे का, सगळं विचारून झालं. तसं काहीच नव्हतं. बरंच खोदल्यावर ती म्हणाली की अक्षर चांगलं म्हणून जर्नल नेहमी तिच्याच गळ्यात पडतं, आणि निनाद आणि मंडळी सूक्ष्मदर्शकाला चिकटून बसतात. मॅडमना मुलांचा राग आला. थोडं हायसंही वाटलं, कारण सापडलं म्हणून.

पण वेळा जुळेनात. जर्नल लिहिताना रेघेत नुसते खड्डे होते. विहिरी भलत्याच वेळी होत्या. प्रत्येक तासाचं ध्वनिमुद्रण होत असे. शेवटी मॅडमनी त्या त्या तासांचं लावलं.

पहिल्या विहिरीत त्यांचा स्वतःचाच आवाज होता. ‘रविना, तुमच्या रानात याला काय म्हणतात गं?’ दुसरीतही त्याच. ‘आपली रविना सांगेल, रान तिच्या घरचं आहे.’ पाचव्या विहिरीनंतर त्यांनी मुद्रण बंद केलं.

“अगं, मी कौतुकानं विचारत होते.”

“माहीत आहे मॅडम. म्हणून तर काही बोलले नाही.” रविना टेबलाच्या कडेकडे बघत होती. “माझे वडील एसटीत कंडक्टर आहेत, शहाद्याला. मी स्टँडच्या मागे वाढले. ती नावं मी तुमच्या तासाच्या आदल्या दिवशी मामाला फोन करून पाठ करायचे. मुलं मला वनखातं म्हणतात.”

मॅडमनी एकतीस वर्षं शिकवलं होतं. भरपाई म्हणून त्या घाईनं म्हणाल्या की जागा तुलाच देते.

“अशी नको. ती पण मग वसावे म्हणून, आदिवासी म्हणूनच मिळाली असं होईल.”

“मग मी करू तरी काय? काय विचारू तुला?”

“निनादला विचारता तेच.”

निनादला आपण काय विचारतो, हे त्यांना काही केल्या आठवेना. मग त्याला प्रश्न विचारलेला एक तासही लावून ऐकला. त्याला त्या विचारत होत्या की असं का झालं, तुझं मत काय, पुढे काय करशील.

त्यांनी रविनाची कालची स्लाइड मागवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. खोडाचा छेद इतका पातळ होता, की पेशींचा एकच थर दिसत होता. डाव्या बाजूच्या पेशी लालभडक आणि उजवीकडच्या फिकट होत्या.

“ही बाजू रंग का धरत नाही?”

“तिथल्या पेशींच्या भिंती अजून कडक झालेल्या नाहीत. खोड एकच, ऊनपाणी तेच, तरी एक बाजू आधी कडक होते. झाड कललेलं होतं म्हणून असेल, असं मी आधी धरलं होतं. पण ताठ झाडातही तेच दिसलं. कोणता जनुक आधी जागा होतो, ते मला बघायचंय.”

त्याच वेळी मॅडमची नजर पडद्यावर गेली. रेघ पुन्हा विहिरीत उतरली होती, आधीच्या अकरांपेक्षाही खोल. दचकून त्यांनी पुढचा प्रश्न आवरला.

“थांबू नका मॅडम,” रविना म्हणाली. “विचार करताना मला असंच होतं.”

पाचला चार मिनिटं होती. उकिडवे मॅडमनी शिफारस खोडून जनुक प्रयोगशाळा लिहिलं. पडद्यानं कारण विचारलं आणि दोनच पर्याय दिले: उपकरणात बिघाड, किंवा विद्यार्थिनीची प्रकृती.

दोन्ही खोटे होते. पट्टीनं अचूकच मोजलं होतं. अपमानाची विहीर आणि विचाराची विहीर तिला सारखीच दिसली, एवढंच. आणि वर्गात आणखी एकेचाळीस रेघा होत्या. त्यांतली कोणती विहीर कशाची, हे ज्या शिक्षकांना ओळखता यायला हवं, त्यांनी तरी आजवर ते कधी विचारलं होतं का?