कोऱ्या कापडाची खोळ

वाळूवर दोन पतंग होते, दोन फळ्या, बावीस-बावीस मीटरचे आठ दोर, दोन कंबरपट्टे, दोन आकडीच्या सुऱ्या, दोन शिट्ट्या, एक पाना आणि एक पिशवी. माणसे तीन. त्यांतली दोघे पाण्यात जाणार होती. तिसरी, शिंप्याची थोरली बहीण, दुर्बीण गळ्यात अडकवून किनाऱ्यावर बसणार होती.

जायचे होते साडेतीन किलोमीटर आत, काळ्या खडकावर. समुद्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलीने वर्षापूर्वी तिथे पाण्याचे तापमान टिपणारे यंत्र चार बोल्टांनी आवळून बसवले होते. तासाला एक नोंद, वर्षाच्या आठ हजार सातशे साठ. ती तिची पहिली स्वतंत्र कामगिरी. चार दिवसांनी येणारे वादळ तो खडक धुऊन काढणार होते. खडकाभोवती गुडघाभर पाण्यात धारदार प्रवाळ पसरलेले, त्यामुळे एकही नावाडी तिथे बोट घालायला तयार नव्हता. पतंगाच्या ओढीने धावणारी फळी मात्र वीतभर पाण्यावरूनही जाते. ती आणि शिंपी सहा वर्षे काइटबोर्डिंग करत होते, बहुतेकदा निव्वळ गंमत म्हणून.

शिंपी तिला मापाडी म्हणायचा. एकदा दुकानात बसून तिने त्याच्या कात्रीला ताणकाटा लावला होता आणि जाड कापडाचे चार पदर कापायला अकरा किलोंची पकड लागते असे काढले होते. हे कळल्यावर कापड आपोआप कापले जाणार का, असे त्याने विचारले होते. पण तो आकडा त्याने खडूने भिंतीवर लिहून ठेवला आणि गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवत राहिला. त्या कात्रीवर घर चालत होते. तो कापायचा, ताई शिवायची.

गेल्या महिन्यात मापाडीच्या सुटकेच्या कळीत वाळू गेली होती. पतंग आवरेनासा झाला, की कंबरेसमोरची मूठ पुढे ढकलायची. दोर सैल पडतात, माणूस वाचतो. ती कळच अडली तर संपलेच. म्हणून तिने दोघांच्याही कळींवर कापडी खोळ शिवून मागितली. नायलॉनचे कापड संपले होते आणि टेबलावर कोरे सुती कापड पडले होते. शिंप्याचा शिरस्ता असा, की कोरे कापड आधी रात्रभर भिजवायचे, वाळवून आटवायचे आणि मगच त्याला कात्री लावायची. भिजवले तर परवा मिळेल, असे तो म्हणाला. वारा उद्याचाच आहे, असे ती म्हणाली. त्याने तसेच कापले.

तिने दुकानाच्या खांबाला दोर बांधून खोळीसकट कळ तपासली. चाळीसपैकी चाळीस वेळा सुटली. आकडा वहीत लिहून ती निर्धास्त झोपली.

दुपारी दोन वाजता निघताना ताई एवढेच म्हणाली, “दोन जाताय, दोन या. मला एवढंच माप कळतं.”

वारा ताशी बत्तीस किलोमीटर होता, समुद्राकडून जमिनीवर तिरका येणारा. आभाळ शिशासारखे आणि पाणी त्याहून काळपट. वळणे घेत, वाऱ्याच्या अंगावर चढत दोघे पुढे सरकत राहिले. लाटांचे तुषार तोंडावर आदळत होते आणि ओठांवर मीठ साचत होते. मागचा किनारा हळूहळू पुसट होऊन एका करड्या रेघेएवढा उरला. पाऊण तासाने खडक आला. मापाडीने आडोशाच्या वाळूवर पतंग टेकवला, त्यावर ओली वाळू लोटली आणि पाना काढला. शिंपी पाण्यातच येरझारा घालत थांबणार होता. वीस मिनिटे, असे ठरले होते.

बोल्ट गंजले होते. पहिला सहा मिनिटांनी निघाला. दुसरा लवकर निघाला. तिसरा फिरत असताना शिट्टी ऐकू आली. तीनदा.

तिने मान वर केली. पश्चिमेला पाण्यावर एक काळी रेघ उमटली होती आणि ती धावत येत होती!

वाऱ्याचा झोत शिंप्यावर आदळला. पतंग एकदम खाली झेपावला. क्षणभर दोर सैल पडले, आणि त्यातला एक त्याच्या उजव्या हाताला गुंडाळला गेला. मग पतंग गरकन फिरला. दोर ताणला. शिंपी पाण्यातून उपटला गेला आणि तोंडावर आपटला!

त्याने डाव्या हाताने मूठ ढकलली. हलली नाही. पुन्हा ढकलली. पतंग गरगरतच होता, आणि दर फेऱ्याला त्याला प्रवाळाकडे खेचत होता. सुरी डाव्या कुशीला होती, उजव्या हाताने काढण्यासाठी.

तिला पाऊण तास पाण्यात भिजत आलेले ते सुती कापड आठवले नाही; ते नंतर. आत्ता ती पाना टाकून धावली. गुडघाभर पाणी, पायाखाली काचांसारखे प्रवाळ. पडली. उठली. साठ पावलांवर शिंपी एका कपारीत पाय रोवून अडकला होता. मागे कपार आणि पुढे पतंग, मध्ये त्याचा हात.

तिने आकडीची सुरी दोराला लावली. तट्! दुसरा. तिसरा. हाताला गुंडाळलेला शेवटचा. पतंग चिंधीसारखा उडाला आणि दिसेनासा झाला.

उजव्या हाताची तीन बोटे पांढरी पडली होती. तळव्याशी हाड दिसत होते. तिने पिशवीचा पट्टा काढून मनगट आवळले.

“यंत्र?” शिंप्याने विचारले.

तिने मागे पाहिले. साठ पावले, दीड बोल्ट. चार मिनिटे, फार तर पाच. पट्ट्याखालून रक्त ठिबकतच होते.

“राहू दे,” ती म्हणाली.

आडोशाला आल्यावर तिने आधी स्वतःची कळ ढकलून पाहिली. हलली नाही. भिजलेली खोळ आटून मुठीला कातडीसारखी चिकटली होती. तेव्हा तिला सगळे कळले. तिने खोळ उभी चिरून फेकली, कळ पाण्यात बुडवली आणि तीनदा ढकलली. तिन्ही वेळा सुटली. मगच तिने पतंग उचलला.

फळ्या तिथेच टाकल्या. शिंप्याचा कंबरपट्टा तिने आपल्या पट्ट्याला मागून बांधला. तो डाव्या हाताने तिला धरून राहिला. पतंगाने दोघांना पाण्यातून फरफटत नेले. थंडीने तिचे दात वाजत होते. शिंप्याचा हात दोनदा सुटला. दोन्ही वेळा पट्ट्याने तो मागे ओढला गेला आणि खोकत वर आला.

“मापाडी, किती राहिलं?”

“एक किलोमीटर.”

तिने मोजले नव्हते. लाटांआडून किनारा अजून दिसतही नव्हता.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारले. ती पुन्हा म्हणाली, एक किलोमीटर. मागून क्षीण आवाज आला, “तुझा काटा अडकलाय गं.” मग तो बराच वेळ बोलला नाही, आणि ती दर लाटेला त्याच्या नावाने ओरडत राहिली.

अठ्ठावन्न मिनिटांनी ताई छातीभर पाण्यात उभी दिसली.

चार दिवसांनी वादळ आले. त्यानंतर खडकावर फक्त बोल्टांची भोके उरली. मापाडीने बादलीत पाणी भरले, शिंप्याची खोळ कळीसकट अर्धा तास भिजवली आणि खांबाला दोर बांधला. चाळीस वेळा ढकलली. तीन वेळा सुटली. वही घेऊन ती रुग्णालयात गेली आणि पान त्याच्यासमोर धरले.

त्याने ते सावकाश वाचले.

“भिजवायचं राहिलं, ते माझं,” तो म्हणाला. “भिजवून तपासायचं राहिलं, ते तुझं.”

“हो,” ती म्हणाली.

ताईने वही मिटून बाजूला ठेवली आणि दोघांनाही जेवायला लावले.

अकरा आठवड्यांनी व्यायामाच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी पकड मोजायचे यंत्र शिंप्याच्या हातात दिले. आधी डावा, मग उजवा. प्रत्येकी तीनदा, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. ताई खिडकीशी उभी होती. आकडे मापाडीने लिहून घेतले आणि सरासरी काढली.

डावा हात: छत्तीस किलो.

उजवा हात: साडेचार किलो.