एकच हाक

त्या दुपारी ऋताच्या थंड डब्यात एकच कुपी उरली होती आणि यादीत एकच नाव. मंजू, वय आठ.

किरनापूरपासून आत, जंगलाला टेकलेली ती वस्ती. गेल्या पावसाळ्यात हैज्यानं, म्हणजे कॉलऱ्यानं, इथून तिघांना नेलं होतं, म्हणून यंदा तोंडातून द्यायची लस. पहिला डोस झाला होता, आज दुसरा. सोबतची दीप्ती तापानं पडलेली, त्यामुळे ऋता एकटीच. कर्ती माणसं सगळी धानाच्या रोवणीला गेलेली; घरात उरली ती म्हातारी माणसं आणि पोरं. गल्लीत कोंबडीसुद्धा नव्हती. होता तो विहिरीतल्या ब्लिचिंग पावडरचा वास, आणि दारोदार तिचाच आवाज. कारण इथं पहिल्या हाकेला कुणी ओ देत नसे. दुसरीलाही नाही. तिसरीला कुठं कडी निघे. सकाळपासून ओरडून तिचा घसा बसला होता.

"मंजू!"

आत बांगडी वाजली आणि थांबली.

"शेवंताबाई, आत आहात ते कळतंय मला. दार उघडा!"

"तीनदा हाक मार, बाई," शेवंताबाई, मंजूची आजी, दाराआडून पुटपुटली. "मरीमाय कोनाच्याबी आवाजात येते. पन एकदाच बलावते."

"आजी, हैजा पाण्यातून येतो. तो हाका मारत नाही."

"तुहं काय जाते तीनदा बोलाले?"

"मी एकदाच हाक मारते!" ऋता भडकली. "ऐकलंस ना मंजू? ऋताताई एकदाच हाक मारते!"

दार हललं नाही. तिनं खडूनं त्यावर डोस राहिल्याची फुली मारली आणि तरातरा निघाली.

मोहाच्या झाडापाशी मात्र तिची पावलं अडखळली. पहिल्या डोसला मंजूनं केवढं तोंड वाकडं केलं होतं... "लय कडू हाय, ताई!" म्हातारीच्या हट्टापायी, आणि आपल्याही, ती पोर तशीच राहणार. ऋता वळणार, तोच मागून हाक आली.

"मंजू!"

तिचाच आवाज. बसलेल्या घशाचा, चिडका. एकदाच.

लगेच कडी निघाली. "हौ, ताई!"

ऋता धावत सुटली. दारापुढं तिनं हाक मारली... तीनदा मारली.

शेवंताबाईनं दार उघडलं. "आता कायले आली? दवा तं पाजून गेली न तू. मी चुलीपाशी होतो, हिनंच पळत जाऊन कडी काढली."

मंजू उंबरठ्यावर बसून ओठ चाटत होती. करंगळीच्या नखावर डोस दिल्याची शाई होती. ओली.

ऋतानं डबा उघडला. कुपी तशीच, सीलबंद.

"मंजू, तोंड उघड... खरा डोस हा आहे."

पोरीनं हसून मान हलवली. "या टायमाले गोड होता, ताई." मग तिच्या कानाशी आली आणि कुजबुजली, "आजीले नाई सांगत मी. उद्या नेतो म्हनली ना तू... एकदाच हाक मारीन म्हनली."