मुका पेला

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. ज्याच्यासोबत घडली त्या हितेंद्रनंच ती सांगायची परवानगी दिली. म्हणाला, "सांगून टाक. लाज माझी जाईल, तुझं काय जातंय!"

भुतं रात्री बाराला येतात म्हणे. इथे जे आलं ते भर दुपारी दोनला आलं.

गेल्या मे महिन्यातला बुधवार. धुळ्यातलं देवपूर. बाहेर चव्वेचाळीस डिग्री ऊन.

हितेंद्र कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक. नाद एकच, जुन्या शोभेच्या काचेचा. अत्तराच्या कुप्या, गुलाबदाण्या, दांडीचे पेले. सुट्टी मिळाली की हा गावोगाव फिरणार आणि लोकांच्या फडताळात डोकावणार. बायको प्राची म्हणायची, "लोक सोनं जमवतात, आमच्याकडे सगळा फुटायचा माल."

पण पारख पक्की. बुडाशी धरायची सळई तोडल्याचा खरखरीत डाग लागला, की काच हातानं फुंकलेली. अंगावर साच्याची रेघ दिसली, की कारखान्याची. शेवटची परीक्षा टिचकीची. पेला दांडीला धरायचा आणि कडेवर नखानं टिचकी मारायची. अस्सल असेल तर घंटेसारखा घुमतो.

त्या आधीच्या रविवारी तो बोदवडला गेला होता. पाणी मागायला एका घरी थांबला. घरात बेबाबाई नावाच्या म्हाताऱ्या आजी एकट्याच होत्या. सून नूतन कामावर गेलेली.

फडताळात बुद्धांची मूर्ती होती. मूर्तीपुढे मोगऱ्याची फुलं. आणि फुलं ठेवली होती ती... लाल पेल्यात.

हितेंद्र पाणी प्यायचं विसरला.

"आजी, हा कुठला?"

"आमच्या मालकाईनं आनला. भुसावळले सायबाच्या बंगल्यावर सैपाकी व्हते ते. बदली झाली तव्हा सायबाच्या बाईनं देल्ला. अस्सल बिलायती हाय, म्हने."

मालक म्हणजे आजींचे यजमान, तोताराम. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. भिंतीवर त्यांचा फोटो होता, नव्या सदऱ्यातला, हसरा.

हितेंद्रनं पेला उचलला. वजनदार. बुडाशी खरखरीत डाग. म्हातारा अगदी खरं बोलला होता! पण सरळ मागितला तर आजी देणार नाहीत, हेही त्याला कळलं.

मग त्यानं दांडी सोडली. पेल्याची वाटीच मुठीत धरली आणि टिचकी मारली.

थप्प.

मुठीत धरली की कुठलीही काच मुकी होते. हे त्याला माहीत. बेबाबाईंना कुठून माहीत असणार?

"साधी काच आहे, आजी. जत्रेतली."

 आजी फोटोकडे बघून म्हणाल्या, "म्हंजे... खोटं बोलले का ते मले?"

तिथे 'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता. हितेंद्र गप्प बसला.

"घेऊन जा, भाऊ. खोटी वस्तू डोयापुढं नको."

त्यांनी एक रुपया घेतला नाही. उलट चहा केला. आणि हा बहाद्दर तो चहा प्यायला.

घरी येऊन त्यानं पेला दांडीला धरून वाजवला. काय घुमला म्हणून सांगू! प्राची स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कितीला पडला?"

"फुकट."

 ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. ते बघणं त्याला टोचलं.

बुधवारी दुपारी वीज गेली. पंखा बंद, कूलर बंद. गल्लीत चिटपाखरू नाही.

आणि काचेच्या कपाटातून आवाज आला...

टिक.

मग थोडं थांबून पुन्हा... टिक.

कोणीतरी टिचक्या मारत होतं. एकेका पेल्याला, ओळीनं, सावकाश.

"कोण वाजवतंय?" प्राचीनं आतून विचारलं. म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

हितेंद्र उठला. कपाटाला कुलूप होतं. त्यानं ते उघडलं. आत कोणी नव्हतं.

त्यानं पहिली गुलाबदाणी वाजवली.

थप्प.

दुसरी कुपी. थप्प. तिसरी. थप्प. बावीस वर्षांचा संग्रह, सगळा मुका.

शेवटी लाल पेला. त्याच्या वाटीवर वाफ धरली होती. एवढ्या उन्हाळ्यात वाफ! आणि वाफेत उमटली होती... पाच बोटं.

हितेंद्रनं आपला हात जवळ नेला. ती बोटं त्याच्या बोटांपेक्षा बारीक होती.

चोराच्या मनात चांदणं. कारण काय ते त्याला लगेच उमगलं होतं. तरी तो उठून बोदवडला गेला नाही. का? पेला सोडवत नव्हता म्हणून. स्वतःच सांगतो तो, मान खाली घालून.

रोज दुपारी दोनला टिचक्या वाजत राहिल्या. पाचव्या दिवशी प्राचीनं पेला टॉवेलात गुंडाळून त्याच्या हातात दिला.

"देऊन या. आणि खरं काय ते सांगून या."

सोमवारी तो बोदवडला पोचला. वाटेत वाक्य पाठ करत होता. 'आजी, मी खोटं बोललो. तुमचे मालक खरं बोलले होते.'

दार नूतननं उघडलं.

"आजी आहेत का?"

"आई गेल्या. बुधवारी. काल जलदान विधी झाला."

"बुधवारी... किती वाजता?"

"दुपारी, दोनच्या सुमारास. तुम्ही कोण?"

त्यानं टॉवेल उघडला. नूतननं पेला ओळखला.

"तुम्हीच का ते? तुम्ही गेल्यापासून त्या घरातला एकेक काचेचा ग्लास घेऊन टिचक्या मारायच्या. 'हे बी खोटं का व, नूतन?' म्हणायच्या. जेवल्या नाहीत. शेवटीसुद्धा ग्लास हातातच होता."

हितेंद्रनं सगळं सांगितलं. मूठ सांगितली, थप्प सांगितलं. मग पेला दांडीला धरला, नीट, अलगद. टिचकी मारली.

थप्प.

पुन्हा मारली. थप्प.

"अस्सल आहे हो, ताई! शपथेवर सांगतो."

"आता कोणाला सांगता, भाऊ?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मग तिनं भिंत दाखवली. तोतारामांचा फोटो एकटाच होता. बेबाबाईंचा नवा फोटो होता समोरच्या भिंतीवर.

"मला बजावून गेल्या. माझा फोटो त्यांच्या शेजारी लावू नको म्हणाल्या. साठ वर्षांचा संसार हो..."

हितेंद्र बेबाबाईंच्या फोटोपुढे बसला आणि पाठ केलेलं वाक्य मोठ्यानं म्हणाला. नूतननं डोळे पुसले. खिळा ठोकला आणि सासूचा फोटो सासऱ्याशेजारी लावला.

हितेंद्रच्या घरच्या काचा त्या दिवसापासून पूर्वीसारख्या घुमतात. लाल पेला तो बोदवडलाच ठेवून आला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी नूतनचा फोन आला. आजींचा फोटो पुन्हा समोरच्या भिंतीवर होता. घरात तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

तिनं आणखी दोनदा लावून पाहिला. दोन्ही वेळा सकाळी तेच.

हितेंद्र अजून दर महिन्याला जातो. फोटोपुढे बसतो. तेच वाक्य म्हणतो. नूतन चहा देते, तो त्याच्या घशाखाली उतरत नाही.

मागच्या महिन्यात वाक्य संपल्यावर त्यानं हळूच विचारलं, "आजी, ऐकलंत ना?"

 फोटो अजून समोरच्याच भिंतीवर आहे.