निळे हातमोजे

दुपारची सर अजून ओसरली नव्हती. औषधांच्या स्टोअरमधून रिना घाईघाईने वळली, तोच समोरून येणाऱ्याच्या हातातलं खोकं थेट तिच्या पायावर पडलं.

“सॉरी सिस्टर... लागलं काय?”

“पाडून वरून विचारून राह्यले!” म्हणत तिनं वर पाहिलं, आणि पुढचं भांडण विसरूनच गेली.

तो संघपाल. राजुऱ्याकडचा, जंगलाकडेच्या या छोट्या सरकारी दवाखान्यात नुकताच रुजू झालेला फार्मासिस्ट. त्यानंतर रिनाच्या वॉर्डात कापूस फार लवकर संपू लागला.

“आज काय संपलं, सिस्टर?” तो खिडकीतून हसून विचारायचा.

“धीर!” म्हणून ती पळायची.

...आणि एक दिवस त्याच खिडकीशी तिनं पाहिलं — संघपालने मयुरीचा हात हातात घेतलेला. मयुरी तिच्याच वॉर्डातली नर्स. ती हसत होती, तो मान खाली घालून काहीतरी पुटपुटत होता. रिना कापूस न घेताच तरातरा मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृहात निळ्या हातमोज्यांचं नवं खोकं आलं.

“मयुरीले रबराची अ‍ॅलर्जी हाय,” संघपाल म्हणाला. “पांढऱ्या मोज्यांची पावडर हवेत उडते, तिच्या श्वासात जाते. म्हणून सगळ्यांनीच हे निळे घाला. यात रबर नाई.”

“तिची लई काळजी तुमाले!”

“मंग नको काय?”

रिनाने निळं खोकं कोपऱ्यात सरकवलं. संध्याकाळी बाळंतपणाची तयारी करताना तिनं मुद्दाम कपाटातले जुने पांढरे मोजे काढले आणि फटकन ओढून चढवले. पावडरचा बारीक धुरळा उडाला. तेवढ्यात मयुरी आत आली.

आधी शिंका आल्या. मग डोळे लाल झाले, ओठ सुजले, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. “रिना... श्वास...”

रिनाचा सगळा मत्सर तिथेच गळून पडला. मोजे उतरवून, हात धुऊन तिनं मयुरीला कवेत घेतलं, ओढतच मोकळ्या व्हरांड्यात आणलं आणि जीव तोडून डॉक्टरांना हाक मारली. इंजेक्शन झालं, ऑक्सिजन लागला. हळूहळू मयुरीचा श्वास सुरळीत झाला.

रिना तिच्या उशाशी रडत बसली. “मी मुद्दाम घातले गं. त्यानं तुया हात धरला होता ना...”

“बावळट!” मयुरी क्षीण हसली. “मोज्यांनी हातावर आलेले फोड पाहून राह्यला होता तो. अन् विचारत होता, रिना सिस्टरचं कुठी जमलं तर नाई ना!”

रिना तशीच उठून स्टोअरमध्ये गेली. संघपाल पांढऱ्या मोज्यांची खोकी बाहेर काढत होता. तिनं त्यालाही सगळं सांगितलं. मान वर न करता.

“मयुरीचा जीव गेला असता, रिना.” त्याचा आवाज थंड होता.

“माईत हाय.”

ती त्याच्याबरोबर खोकी उचलू लागली. बाहेर पागोळ्या टपटपत होत्या.

“मयुरीनं सांगितलं... तुमी काय विचारत होते ते,” ती हळूच म्हणाली.

संघपालचे कान लाल झाले. “मंग? जमलं हाय काय कुठी?”

“नाई.”

“मी अजून लई रागात हाय.”

“राहा.”

“जाईल राग... पण टाइम लागंल.” पहिल्यांदाच त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. “थांबशीन?”

रिनाने डोळे पुसले. “थांबीन.”