परतीचा रकाना

संगणक हे निव्वळ यंत्र आहे, त्याला कळत काही नाही, असं वामनरावांचं ठाम मत होतं. दर गुरुवारी ते त्याला हार घालत, ती गोष्ट वेगळी.

तारापूरच्या अलीकडे खाडीकाठी मच्छीमार सोसायटीची दोन खोल्यांची कचेरी होती. समुद्रावर गेलेली माणसं मोजायची नाहीत, हा गावाचा रिवाज. आणि प्रत्येक होडीवर किती गेले याची नोंद हवी, हा सरकारचा. दोन्ही रिवाज सांभाळायचे म्हणून सोसायटीने मोजायचं काम पालघरच्या, बी.कॉम. झालेल्या, मासे न खाणाऱ्या वामनरावांना दिलं होतं. ते खिडकीतून मोजत आणि संगणकात भरत. होडी, निघाल्याची वेळ, माणसं. पुढे परतीचा रकाना.

तो रकाना संगणक स्वतःच भरायचा. होडी दिसण्याआधी, कधी कधी आदल्या दिवशीच. वेळ आणि माणसं. चार वर्षांत एकदाही चुकला नव्हता. वामनरावांनी हा प्रोग्राममधला दोष असल्याचं ठरवलं, तक्रार मात्र केली नाही. बायका दारात येऊन विचारत, “भाऊ, लिवलं का?” लिहिलेलं असलं की घरी जाऊन निवांत दोन घास खात. दसऱ्याला गावातला सगळ्यात जाड हार कॉम्प्युटरला असे.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात खाऱ्या हवेने त्याचा जीव घेतला. पडद्यावर एक हिरवा ठिपका उरला, मग तोही गेला. महादू तांडेलची होडी तेव्हा दोन दिवस उशिरा होती. तिच्यावर मंजुळेचा नवरा जानू होता.

नवा संगणक आणायला वामनराव बोईसरला निघाले, तर मंजुळा रिक्षात आधीच बसलेली. नोंदींची फ्लॉपी तिने पदराखाली धरली. वाटेत ती एक शब्द बोलली नाही.

दुकानदाराने रंगीत पडद्याचा संगणक काढला, त्यावर पत्ते खेळून दाखवले. वामनरावांनी फ्लॉपी घातली. महादूच्या होडीपुढे परतीचा रकाना कोरा. दुसरा संगणक त्याहून महाग. तोही कोरा. मंजुळेने दोन्ही नापसंत केले.

“ताई, कॉम्प्युटर घेताय की पंचांग?” दुकानदार म्हणाला.

“लिवतो तो दाखवा,” ती म्हणाली.

कोपऱ्यात एक पिवळट पडलेला संगणक होता, बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्यातून आलेला. त्याला अजून औषधासारखा उग्र वास येत होता. तो घेऊ नका, असं खुद्द दुकानदारच म्हणाला. तरी वामनरावांनी तो चालू करायला लावला. पंखा घरघरला. फ्लॉपी आत गेली.

परत: उद्या, दुपारी ४.१०. माणसं: ६.

गेली होती सात.

“लिवलं का?”

“लिहिलं. उद्या दुपारी, चार दहा.”

आकडा तिने विचारला नाही. रिवाजच तसा होता. तिने हात जोडले. आधी संगणकाला, मग वामनरावांना, आणि उरलेले दुकानदाराला. “लय उपकार झाले, भाऊ.”

परतीच्या वाटेवर ती बोलत होती आणि वामनराव गप्प होते.

दुसऱ्या दिवशी चार दहाला होडी लागली. वामनराव खिडकीत उभे राहिले. सहाच्या पुढे मोजायची त्यांची हिंमत होत नव्हती.

पाच. सहा.

सगळ्यात शेवटी जानू उतरला.

सात.

त्यांनी पुन्हा मोजलं. सातच.

वामनरावांनी डोळे पुसले. यंत्र पहिल्यांदा चुकलं होतं आणि त्यांना त्याची पाठ थोपटावीशी वाटली. खाली काठावर, तिसऱ्या रात्री एक मोठी लाट आली होती, एवढंच सांगून महादू चहा प्यायला. मंजुळेने जानूपुढे कप धरला.

“तहान नाय,” जानू म्हणाला.

वामनरावांनी दुकानदाराला फोन लावला. आधी आभार मानले, मग आकड्याचं सांगितलं. तो हसला. त्या जुन्या कीबोर्डवर सातची कळ अडकते, म्हणाला, दुसरा पाठवून देतो. वामनरावांना पटलं. इतकं पटलं की त्यांनी संगणकाला गुरुवार नसताना हार घातला.

मग खुर्चीत बसून त्यांनी ती कळ दाबून पाहिली.

सातची कळ उत्तम चालत होती.