सीगलनी न शिवलेलं पान

थर्मासचं झाकण.

सील : एक्केचाळीस.

चिप्सचा चुरगळलेला कागद.

आईच्या साडीखाली दादाचे गमबूट.

आषाढ वद्य पंचमी.

खरं आहे हे. ‘भास झाला असेल’ अशी कमेंट टाकायची असेल तर इथेच थांबा. मी आधीच चिडलेली आहे.

रात्र नव्हती. गेल्या जुलैतली दुपार, साडेतीनची. केप पॅलिसरचा खडकाळ किनारा, पार दक्षिण गोलार्धात.

बाबांचं वर्षश्राद्ध, आणि दादाने काढली कॅम्पिंग ट्रिप! त्याच्या घरून, पोरिरुआहून, अडीच तास. ऐन थंडीत तंबू.

“बाबांना पक्षी आवडायचे ना? सील पण दिसतील. स्वीट अ‍ॅज!” म्हणजे इथल्या बोलीत ‘एकदम मस्त’.

बाबा पुण्यात दम्याने गेले. घरात एकटे. आई त्या दिवशी मावशीकडे होती. आणि ह्याला सील दाखवायचे होते!

आईने खडकावर पान ठेवलं. दहीभात, वडा.

इथे कावळे कुठले? सीगल होते. पाच मिनिटांपूर्वी त्यांनीच दादाच्या हातातून चिप्स पळवल्या होत्या.

ते आले. पानाभोवती गोल करून बसले.

एकानेही चोच लावली नाही.

“आई, त्यांना दहीभात कळत नाही गं,” दादा हसला.

“वडा तरी कळतो ना?” आई म्हणाली.

मागे खडकांवर सील भुंकत होते. माणूस खोकावा तसे.

मग... थांबले.

सगळे. एकदम.

आणि खडकांमागून... खोकला आला.

दोनदा कोरडा. मग लांब घरघर.

आईने वळूनही पाहिलं नाही. थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतलं आणि हात मागे धरला. चाळीस वर्षांची सवय.

मग तिला कळलं. हात तसाच राहिला.

“श्रीनाथ,” ती म्हणाली, “काय राहिलंय त्यांचं? बोल.”

दादाने हात जोडले. “बाबा, आईला मी सांभाळेन.”

पक्षी हलले नाहीत.

“पाठ केलेलं नको!” मी ओरडले. “खरं बोल!”

तो मटकन खाली बसला.

“फोन आला होता त्यांचा. दम लागलाय म्हणाले. मी म्हटलं, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.”

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. घसा बसेपर्यंत बोलले. आई मध्ये पडली नाही.

दादा रडला. पानापुढे नाक घासलं.

पक्षी तरीही तसेच...

मग एकाने मान वळवली.

मग दुसऱ्याने.

मग सगळ्यांनी.

माझ्याकडे.

पुन्हा खोकला. या वेळी... जवळून.

“मैत्रेयी?” आई म्हणाली.

“मला काय विचारतेस! त्याला विचार!” मी तंबूच्या खुंट्या उपटायला लागले. रागाने. रागानेच.

अंधार पडायच्या आत निघालो. भात खडकावर तसाच होता.

आता मी पोरिरुआपासून आठ तास दूर, अल्बनीत, माझ्या घरी आहे. रोज सकाळी बाल्कनीच्या कठड्यावर सीगल येऊन बसतात. मी पाव टाकते. खात नाहीत. ओरडतही नाहीत.

दादाशी मी अजून बोलत नाही.

त्या दिवशी बाबांनी पहिला फोन मला केला होता. मी तो कापला.