मशीन थांबली की

"मशीन आहे की झोपलेलं मांजर? चालू आहे की बंद, तेसुद्धा कळेना मेलं!"

आत्या माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या. राग आला की त्या अशाच अगदी कानाशी पुटपुटतात. म्हणजे समोरच्याला नीट वळून भांडताही येत नाही.

मी हसले.

आमच्या घरात त्यानंतर बरेच दिवस कुणी हसलं नाही.

हे सगळं खरं आहे. पटलंच पाहिजे असं नाही. मी फारशी शिकलेली नाही, जे वाचायला-लिहायला येतं ते रद्दीतल्या कागदांवरून. रचून सांगायची कला माझ्याकडे असती तर इतकी वर्षं उशांचे अभ्रे शिवत बसले नसते. घडलं ते आमच्याच घरात, मागच्या हिवाळ्यात, लागोपाठच्या तीन संध्याकाळी. अमावस्या नव्हती, मध्यरात्र नव्हती. दिवेलागणीची वेळ. बाहेर पोरं खेळत होती, शेजारी कुणीतरी भांडी घासत होतं.

आता लिहितेय तेही स्वयंपाकघरात बसून. मागच्या दाराकडे तोंड करून.

दाराकडे पाठ करून बसणं आता जमत नाही.

दार उघडं आहे. त्या तिसऱ्या संध्याकाळपासून दिवेलागणीला आम्ही ते उघडंच ठेवतो... भर थंडीतसुद्धा.

आधी घरातली माणसं सांगते. माझे मिस्टर बस डेपोत फिटर. त्यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नव्वदीला टेकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या, पण कान शाबूत. आणि मिस्टरांची थोरली बहीण. माझी मुलं त्यांना आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्याच म्हणते. आत्यांनी लग्न केलं नाही. का, तर म्हणे, "मला हे घर सोडून कुठं जायचंच नव्हतं."

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आईच्या आठवणीनं रडायची. आत्या रोज माझ्या उशाशी बसून शेजाऱ्यांच्या नकला करायच्या. मी हसेपर्यंत उठायच्या नाहीत. तेव्हापासून या घरात माझं कुणी असेल तर त्या.

आणि हे घर... हे आमचं नव्हे.

म्हणजे कागदोपत्री आमचंच. पण फार पूर्वी, राज्य करणारे साहेब लोक गाशा गुंडाळून निघाले, तेव्हा जाता जाता नकाशावर एक रेघ ओढून गेले. ज्यानं ती ओढली त्यानं आमचं गाव कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. रेघेपलीकडे राहिलेले आमचे लोक जीव मुठीत धरून इकडे आले. इकडचे तसेच तिकडे पळाले. त्या पळालेल्यांची रिकामी घरं आलेल्यांना मिळाली.

सासूबाई तेव्हा तरुण होत्या. त्या सांगायच्या, "आम्ही आत आलो तर चूल अजून गरम होती." खिडकीपाशी पायाची शिलाई मशीन. सुईखाली लहान मुलीचा फ्रॉक, अर्धा शिवलेला. सासूबाईंनी तो पुरा केला आणि आत्यांना घातला. आत्या तेव्हा तीनेक वर्षांच्या. "मी हिला खांद्यावर बसवून रेघ ओलांडली," असं त्या येईल-जाईल त्याला सांगायच्या.

मी शिवणकाम करणारी बाई. एकदा सहज विचारलं, "दुसऱ्याच्या मुलीचा फ्रॉक, आणि आत्यांना अगदी मापाचा बसला?"

"बसला," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय मिटला.

या घराची एक रीत मात्र मला पहिल्याच आठवड्यात कळली. दिवेलागणीला मागच्या दाराला कडी घालायची आणि मशीन चालवायची. काम असो, नसो. कापड नसलं तरी चालेल, दोरा नसला तरी चालेल. अंधार पुरता पडेपर्यंत पाय थांबवायचा नाही.

"का?" मी विचारलं होतं.

"घरात आवाज असावा."

सासूबाईंचे पाय गेले तशी ती ड्यूटी माझ्याकडे आली. रोज संध्याकाळी खडखड खडखड... रिकामी मशीन. मिस्टर म्हणायचे, "आमच्या घरात हवेला कपडे शिवतात." मीही कधी खोलात गेले नाही. संसारात बाईला इतकी कामं विनाकारण करावी लागतात, त्यात आणखी एक.

मागच्या हिवाळ्यात त्या रेघेवर पुन्हा गोळीबार सुरू झाला. पुन्हा माणसं घरंदारं सोडून आली. आमच्या गल्लीच्या टोकाच्या शाळेत त्यांना ठेवलं. वर्ग रिकामे केले, बाकं मैदानात रचली.

आत्यांच्या तोंडाचा पट्टा सुरूच. "कुठून कुठून येतात नि पथारी पसरतात! आपलं गाव आहे की धर्मशाळा?"

त्या असं बोलल्या की सासूबाई भिंतीकडे कूस वळवायच्या. दर वेळी.

शाळेतल्या लोकांसाठी चादरी शिवायचं मोठं काम मला मिळालं. पायाच्या मशीनवर ते कुठलं उरकायला? मी विजेवरची नवी मशीन घेतली. गुपचूप चालणारी, गुळगुळीत. आणि जुनी हातगाडीवर घालून शाळेत पाठवून दिली. तिथे एका बाईला शिवण येत होतं. तिला चार पैसे मिळतील, आपली अडगळ जाईल, असा माझा हिशेब. सासूबाई तेव्हा झोपल्या होत्या.

उठल्यावर सांगू म्हटलं... आणि राहून गेलं.

त्याच संध्याकाळी आत्या कानाशी पुटपुटल्या, झोपलेलं मांजर वगैरे. मी हसले, चादरीची कड पुढे सरकवली.

आणि बाहेरचा गलका थांबला.

कमी नाही झाला. थांबला. पोरं एखादा शब्द अर्धा टाकून गप्प व्हावीत तसा. शेजारची भांडीही थांबली.

मग... मागच्या अंगणाच्या पार टोकाकडून एक हाक आली.

बाईचा आवाज. लहान मुलीला घरात बोलावतात तशी, शेवट लांबवून मारलेली हाक. रागाची नाही. उलट, फार लाडाची.

हाकेतलं नाव आमच्यातलं नव्हतं. ते पलीकडच्या लोकांत ठेवतात. मी ते इथे लिहीत नाही. कुणीतरी मोठ्यानं वाचायचं.

"सूनबाई!" आतून सासूबाई ओरडल्या. "मशीन! मशीन का थांबली?"

"चालूच आहे, आई. नवीन आहे, आवाज करत नाही."

"माझी कुठाय?"

मी सांगितलं.

त्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा मी विसरणार नाही. घर पेटलंय आणि आत कुणीतरी राहिलंय, असा तो चेहरा.

"अगं, ती हिला घेऊन जाईल," त्या पुटपुटल्या.

"कोण? कुणाला?"

त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही तयारीत होतो. मिस्टरांनी रेडिओ मोठ्यानं लावला. मी पातेल्यावर पळी आपटत बसले. एखाद्यानं पाहिलं असतं तर सगळ्या घराला वेड लागलंय म्हणाला असता.

काही उपयोग झाला नाही. रेडिओवर बाई बातम्या सांगत होती, आणि त्या बातम्यांच्या खालून... हाक. आज जवळून. पाण्याच्या टाकीपाशी.

मिस्टर बॅटरी घेऊन बाहेर गेले. परत आले ते घाईनं, आणि कडी घालून दाराला पाठ टेकून उभे राहिले.

"कुणी नाही," म्हणाले.

"मग दाराला असे रेटून का उभे आहात?"

"थंडी आहे."

हा माणूस ऐन हिवाळ्यात बसखाली झोपून काम करतो.

मी आत्यांना बघायला गेले. खोलीत नव्हत्या. न्हाणीत नव्हत्या. शेवटी दिसल्या...

नव्या मशीनच्या टेबलाखाली.

गुडघ्यांमुळे या बाई कित्येक वर्षांत जमिनीवर बसलेल्या नाहीत. आणि आता पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या, लहान पोरीसारख्या. मी वाकले तशी त्यांनी माझ्या गाऊनची कड मुठीत धरली.

"मशीन थांबली की आत जायचं," त्या म्हणाल्या. बारीक आवाजात. "चालू असेतोवर खेळायचं. थांबली की आत."

"आत्या, काय बोलताय?"

त्यांनी डोळे मिचकावले आणि एकदम नेहमीच्या आवाजात खेकसल्या, "मला उठव आधी! इथं कशी बसले मी?"

तिसऱ्या दिवशी सकाळीच मी शाळेत गेले. मशीन परत आणायचीच. बदल्यात नवी देऊन टाकू, मनात सगळं ठरवून ठेवलं होतं.

वर्गात फळ्याखाली आमची मशीन होती. त्यावर एक बाई काम करत होती. माझ्याच वयाची असेल, पण चेहरा कितीतरी थकलेला. मला बघून उठायला गेली.

"ताई, पट्टा सैल होता. मी घट्ट करून घेतला," म्हणाली. "फार चांगली मशीन आहे तुमची."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मशीनखाली काहीतरी हललं. एक लहान मुलगी, पाय पोटाशी घेतलेली. आईच्या कपड्याची कड मुठीत.

"इथं आल्यापासून संध्याकाळ झाली की फार रडायची," ती बाई म्हणाली. "आता मशीन चालू असली की रडत नाही."

मी मशीनच्या चाकावरून एकदा हात फिरवला.

"तेल घालत जा मधूनमधून," एवढंच म्हणून परत आले.

घरी कुणी काही विचारलं नाही. माझ्यामागे हातगाडी नव्हती, त्यात सगळं आलं.

तिसरी संध्याकाळ.

आम्ही रेडिओ लावला नाही. पातेलं वाजवलं नाही. मी आणि मिस्टर स्वयंपाकघरात आत्यांच्या दोन्ही बाजूंना बसलो, तापानं फणफणलेल्या लेकरापाशी बसतात तसे.

"काय माझा मुखडा बघताय?" आत्या म्हणाल्या. "चहा तरी टाका."

मी उठले.

बाहेरचा गलका थांबला.

हाक आली... दाराच्या अगदी पलीकडून. फळीला तोंड लावून मारावी तशी. मग बोटांच्या पेरांनी दारावर हळूच टकटक. स्वतःच्या घराचं दार वाजवतात तशी. भीत नाही, मागत नाही. नुसतं, उघड ना.

आत्या उठल्या. रोजची काठी तिथेच राहिली. त्या सरळ चालत दाराशी गेल्या आणि कडीवर हात ठेवला.

मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. "आत्या, नको. आत्या, मी आहे ना!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. शहाण्या मुली परक्या माणसाकडे पाहतात तसं, थोडं बिचकून.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं. "आमच्या घरात काय करताय?"

इतक्या वर्षांच्या संसारात या घरानं मला पुष्कळ बोलून घेतलंय. पण परकं कधी म्हटलं नव्हतं. मनगट तरीही सोडलं नाही.

"ताई..." मिस्टर म्हणाले.

"सोड तिला, सूनबाई."

आम्ही वळलो. सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होत्या. दोन वर्षं ज्यांनी पाय हलवला नव्हता त्या सरपटत तिथवर आल्या होत्या. त्या आमच्यापैकी कुणाकडेही बघत नव्हत्या. बंद दाराकडे बघत होत्या, आणि दाराशीच बोलत होत्या.

"मी हिला खांद्यावर आणलं नाही गं. माझ्या खांद्यावर होती ती वाटेतच गेली. ही मला इथे मिळाली. तुझ्या मशीनखाली."

टकटक थांबली. ऐकत असल्यासारखी.

"त्याच संध्याकाळी तू परत आलीस. अशीच उभी होतीस. अशीच हाक मारत होतीस. ही 'आले' म्हणायला लागली, तर मी हिचं तोंड दाबलं. आतून कडी घातली. हिला ऐकू जाऊ नये म्हणून तुझ्याच मशीनवर बसले."

आत्यांचा हात कडीवरच होता.

"मग गल्लीत माणसं आली. आमचीच. त्यांच्या हातांत काय होतं ते मी फटीतून पाहिलं. तरी उघडलं नाही. आणि तुझी हाक थांबली..."

सासूबाईंनी उंबऱ्यावर डोकं टेकवलं.

"हाक थांबली, तरी मी मशीन थांबवली नाही."